सिंगापूरमध्ये कंपनी काढून गुंतवणूक उभारायची आहे? मग हा क्रम पाळा

आमचं सॉफ्टवेअर नाशिकच्या द्राक्ष निर्यातदारांसाठी सुरू झालं. रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमधल्या सेन्सरकडून दर दहा मिनिटांनी तापमान घ्यायचं आणि ते चढायला लागलं की निर्यातदाराच्या फोनवर इशारा द्यायचा, एवढंच त्याचं काम. पुढे आग्नेय आशियातल्या काही फळ आयातदारांनी विचारणा केली. एका गुंतवणूकदाराने सांगितलं, ‘सिंगापूरमध्ये कंपनी काढा, मग बोलू.’ आम्ही दोघा संस्थापकांनी घाईघाईने कंपनी काढली. नोंदणी दोन दिवसांत झाली. त्या दोन दिवसांतल्या चुका निस्तरायला पुढचे अकरा महिने गेले.

आमची मुख्य चूक एकच होती. सिंगापूरची बाजू आम्ही आधी उरकली आणि भारताची नंतर बघू म्हटलं. सिंगापूरचं सरकारी काम झटपट आणि स्वच्छ होतं, त्यामुळे सगळंच तसं होईल असं वाटतं. पण तुम्ही भारतात राहता तोवर तुमच्या नावावरचा परदेशातला एक शेअरसुद्धा भारतीय कायद्याच्या कक्षेत येतो. म्हणून खालच्या पायऱ्या मी भारताची बाजू आधी धरून लावल्या आहेत. आकडे २०२५ मधले आहेत. अर्ज भरायच्या दिवशी ते अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा ताडून घ्या.

१. सिंगापूर खरंच हवंय का, हे आधी ठरवा

गुंतवणूकदार सिंगापूरचा आग्रह का धरतात, ते समजून घ्या. तिथला कंपनी कायदा इंग्लिश परंपरेतला आहे. भांडण झालंच तर सिंगापूर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटरमध्ये लवाद नेता येतो. कंपनी कर १७ टक्के आहे, शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्यावर सहसा कर लागत नाही आणि पैसा आत-बाहेर न्यायला आपल्यासारखी बंधनं नाहीत. शिवाय बऱ्याच फंडांचं स्वतःचं ठाणंच तिथे आहे.

आता उलट बाजू. तुमचे ग्राहक भारतात, माणसं भारतात आणि पुढे शेअर बाजारात यायचं तेही भारतातच असेल, तर आज बाहेर नेलेली कंपनी उद्या परत आणावी लागेल. फोनपेने २०२२ मध्ये आपलं मूळ ठिकाण सिंगापूरहून भारतात हलवलं, तेव्हा गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटी रुपये कर भरावा लागला. मुंबईत सुरू झालेल्या झेप्टोनेही मूळ कंपनी सिंगापूरहून इकडे आणली. पूर्वी एंजल टॅक्सच्या, म्हणजे रास्त किमतीपेक्षा जास्त भावाने शेअर दिले तर स्टार्टअपला लागणाऱ्या कराच्या, धास्तीने लोक बाहेर जायचे. तो कर २०२४ च्या अर्थसंकल्पाने काढून टाकला. कर वाचवण्यासाठी सिंगापूरमार्गे भारतात पैसा आणायचा जुना फायदाही उरलेला नाही. १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या भारतीय शेअरवरच्या नफ्यावर करारानुसार भारतात कर लागतो.

मी आता कोणी विचारलं की तीन प्रश्न विचारते. भारताबाहेर पैसे देणारे ग्राहक आहेत का? ‘भारतीय कंपनीत आम्ही गुंतवू शकत नाही’ असं एखाद्या गुंतवणूकदाराने लेखी कळवलंय का? संस्थापकांपैकी एकजण तिथे जाऊन राहायला तयार आहे का? तीनपैकी दोन उत्तरं ‘हो’ नसतील, तर भारतातच खासगी मर्यादित कंपनी काढा आणि हा लेख बाजूला ठेवा.

२. भारताची बाजू: सिंगापूरच्या एजंटला फोन करण्याआधी

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

परदेशी कंपनीचे शेअर घेणं हा फेमा, म्हणजे परकी चलनाच्या, कायद्याखालचा व्यवहार आहे. २२ ऑगस्ट २०२२ पासून त्याला ‘ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट रूल्स’ लागू आहेत. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीममधून आर्थिक वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत पाठवता येतात. शेअर बाजारात नसलेल्या परदेशी कंपनीचे शेअर घ्यायचे तर पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेकडून त्या कंपनीसाठी एक ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, घ्यावा लागतो. आमच्या नेहमीच्या शाखेत हा फॉर्म कोणी पाहिलेलाच नव्हता. परकी चलनाचं काम बघणारी शाखा कोणती ते आधी विचारा आणि थेट तिथेच जा. नाहीतर महिनाभर नुसते खेटे घालाल.

आमचं काय झालं ते सांगते. एजंटने नोंदणी करताना आम्हा दोघांच्या नावावर प्रत्येकी ५० शेअर दाखवले, एका सिंगापूर डॉलरला एक. ते शंभर डॉलर त्याने आपल्याच फीमध्ये धरले आणि फी आम्ही क्रेडिट कार्डाने भरली. म्हणजे शेअर आमच्या नावावर आले, पण त्यांचा पैसा रीतसर मार्गाने गेल्याचा कुठलाच कागद नव्हता. रक्कम किरकोळ होती, तरी नियम तोच. उशिराचं शुल्क, सीएची फी आणि बँकेशी चाललेला लांबलचक पत्रव्यवहार, या सगळ्यात शंभर डॉलरच्या कित्येक पट खर्च झाला.

दुसरा सापळा याहून मोठा आहे. बहुतेकांच्या डोक्यात आराखडा असा असतो: वर सिंगापूरची कंपनी, खाली तिची पुण्यातली किंवा नाशिकची उपकंपनी. पण भारतात राहणाऱ्या व्यक्तीचं ज्या परदेशी कंपनीवर नियंत्रण आहे, त्या कंपनीला उपकंपनी असता कामा नये, असा नियम आहे. मतांचा १० टक्के हक्क असला तरी ‘नियंत्रण’ धरलं जाऊ शकतं. म्हणजे बहुतेक सगळे संस्थापक यात येतात. आमच्या नाशिकच्या कंपनीचे शेअर सिंगापूर कंपनीच्या नावे करायचे कागद टाइप होऊन टेबलावर आले होते. सह्यांच्या आदल्या संध्याकाळी आमच्या सीएंचा फोन आला, ‘ताई, उद्या सही करू नका.’ त्या फोनचं मोल मी विसरणार नाही.

मग मार्ग कोणते? संस्थापक व्यवसायासाठी खरोखर देश सोडून तिकडे राहायला गेला, तर फेमाच्या दृष्टीने तो अनिवासी ठरतो आणि गणित बदलतं. दुसरा मार्ग म्हणजे व्यक्तीऐवजी भारतीय कंपनीनेच सिंगापूरमध्ये गुंतवणूक करायची. तिला वेगळे नियम आहेत आणि ताळेबंदातल्या नेटवर्थच्या ४०० टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे. तिसरा मार्ग आम्ही निवडला: दोन्ही कंपन्या वेगळ्या ठेवायच्या आणि त्यांच्यात सेवा करार करायचा. नाशिकची कंपनी सॉफ्टवेअर बनवून देते, सिंगापूरची तिला बाजारभावाने पैसे देते. त्यात ट्रान्सफर प्रायसिंगचे, म्हणजे भाव खरंच बाजाराचा होता हे दाखवणारे, कागद ठेवावे लागतात. तुमच्याकरता कोणता मार्ग योग्य, हे फेमाचं काम नेहमी करणाऱ्या सीएंनाच विचारा. नुसतं विवरणपत्र भरून देणाऱ्यांना नको.

आणखी दोन गोष्टी. वर्षभरात पाठवलेली रक्कम १० लाख रुपयांच्या वर गेली की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच वसूल करायचा आयकर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर हातातला पैसा अडकतो, तेव्हा तेवढी तजवीज ठेवा. आणि तुमचं स्टार्टअप वित्तीय सेवेतलं असेल, म्हणजे कर्ज, पेमेंट, विमा असं काही, तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला त्यात थेट हिस्सा घेण्यावर कडक बंधनं आहेत. अशांनी दुसऱ्या पायरीवरच वकील गाठावा.

३. कंपनीची नोंदणी

तिथे कंपन्यांची नोंदणी अ‍ॅक्रा नावाचं खातं करतं आणि त्याच्या पोर्टलचं नाव बिझफाइल. आत जायला सिंगपास, म्हणजे तिथलं सरकारी डिजिटल ओळखपत्र, लागतो. तो तिथल्या रहिवाशांनाच मिळतो, म्हणून आपल्याला नोंदणीकृत फाइलिंग एजंट धरावा लागतो. सरकारी शुल्क नावासाठी १५ आणि नोंदणीसाठी ३०० सिंगापूर डॉलर. बाकीचं सगळं एजंटची फी. ते ‘पॅकेज’ म्हणतील. त्यातली प्रत्येक ओळ सुटी करून मागा.

कायद्याने लागतं ते असं:

• निदान एक संचालक सिंगापूरमध्ये राहणारा. नागरिक, कायम रहिवासी किंवा योग्य पासवरचा माणूस चालतो.
• सहा महिन्यांच्या आत स्थानिक कंपनी सेक्रेटरी. कंपनीत एकच संचालक असेल तर तोच सेक्रेटरी होऊ शकत नाही.
• सिंगापूरमधला खरा पत्ता. पोस्ट बॉक्स चालत नाही.
• निदान एक भागधारक आणि निदान एक डॉलर भांडवल. खासगी कंपनीत भागधारक ५० पर्यंत.

तुमच्याकडून मागतात ते कागद:

• पासपोर्टची प्रत, सगळ्या संचालकांची आणि भागधारकांची
• घरच्या पत्त्याचा पुरावा, गेल्या तीन महिन्यांतला. आधारवरचा आणि वीजबिलावरचा पत्ता अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. आमच्या एका कागदावर ‘नासिक’ आणि दुसऱ्यावर ‘नाशिक’ होतं, तेवढ्यावरून प्रश्न आला
• व्यवसाय काय करणार, याचं अर्ध्या पानाचं वर्णन
• पैसा कुठून येणार, याचा खुलासा
• कंपनीवर खरी मालकी कोणाची, याची माहिती

रहिवासी संचालक नसेल तर एजंट ‘नॉमिनी डायरेक्टर’ देतो. मला मिळालेला भाव वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास होता, वर अनामत. हा माणूस कागदोपत्री तुमच्या कंपनीचा पूर्ण संचालक असतो, कायद्याची जबाबदारी त्याच्यावरही येते. म्हणून तो तुमच्याकडून हमीपत्र लिहून घेतो. ते नीट वाचा. बँकेत सही करायचा अधिकार त्याला देऊ नका. जून २०२५ पासून नवा कायदा लागू झाल्यावर असे नॉमिनी एजंटकडून पारखून घेतलेलेच असावे लागतात, त्यामुळे फार स्वस्तातला प्रस्ताव आला तर सावध व्हा.

शेअर किती काढायचे, याचा विचार आपल्याकडे कोणी करत नाही. भारतात शेअरला दहा रुपये दर्शनी किंमत असते आणि डोकं तिथेच अडकतं. सिंगापूरमध्ये २००६ पासून शेअरला दर्शनी किंमतच नाही. शंभर डॉलरला एक लाख शेअर काढता येतात. तसेच काढा. आमच्यासारखे १०० शेअर काढलेत तर एखाद्याला पाऊण टक्का द्यायचा तरी कसा?

संस्थापकांमधला करारही याच पायरीला करून टाका. चार वर्षांत हळूहळू हक्काचे होणारे शेअर, पहिलं वर्ष पूर्ण न करता सोडलं तर काही नाही, ही पद्धत गुंतवणूकदार पुढे लादतीलच. मित्र असताना, भांडण नसताना सही झालेली बरी. आपल्याकडे ‘आपल्याआपल्यात कशाला कागद’ म्हणायची भीड असते. तिने चांगल्या मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

४. बँक खातं: इथे वेळ ठेवा

कंपनी दोन दिवसांत झाली, म्हणजे खातंही तसंच उघडेल असं समजू नका. डीबीएस, ओसीबीसी आणि यूओबी या तिथल्या तीन मोठ्या बँका. मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे परदेशी मालकांच्या नव्या कंपन्यांकडे सगळेच बारकाईने पाहतात.

एका बँकेने आमचा अर्ज कारण न देता नाकारला. दुसरीकडे मी स्वतः गेले. समोरच्या बाईंनी शांतपणे एकच प्रश्न तीन वेळा, तीन तऱ्हांनी विचारला: ‘पैसे कोण देणार, कशासाठी देणार आणि त्या देशातून इथे का येणार?’ पहिल्या दोन वेळी मी उत्पादनाबद्दल बोलत राहिले. तिसऱ्यांदा मला उमगलं आणि मी एका मलेशियन आयातदाराचा सही केलेला करार पिशवीतून काढून पुढे ठेवला. त्यांनी सहीच्या शिक्क्यावर बोट ठेवलं, मान डोलावली आणि फॉर्म पुढे सरकवला. म्हणून खातं उघडायला जाताना निदान एक करार किंवा खरेदीचं लेखी पत्र, दोन-तीन संभाव्य ग्राहकांची नावं, वर्षभराच्या आवक-जावकीचा अंदाज आणि नाशिकच्या कंपनीचं बँक विवरण असं सगळं बरोबर न्या. पिच डेकचा, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या सादरीकरणाचा, तिथे उपयोग नाही.

दरम्यान एअरवॉलेक्स, अ‍ॅस्पायर किंवा वाइझचं व्यावसायिक खातं उघडून काम सुरू करता येतं. पण गुंतवणुकीची रक्कम कुठल्या खात्यात चालेल, ते गुंतवणूकदाराला आधी विचारा.

५. तिथे राहायचं तर कोणता पास?

भेटीगाठींसाठी पर्यटक व्हिसा चालतो, काम करायला नाही. हा फरक हलक्यात घेऊ नका.

एक वाट आंत्रेपासची, म्हणजे उद्योजकांसाठीच्या कामाच्या परवान्याची. तुमची कंपनी नोंदलेली नसावी किंवा अर्जाच्या वेळी नोंदणीला सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेले नसावेत आणि तुमचा हिस्सा निदान ३० टक्के हवा. शिवाय मान्यताप्राप्त गुंतवणूकदाराचा पैसा, स्वतःची बौद्धिक संपदा किंवा मान्य इनक्युबेटरचा (नव्या कंपन्यांना वाढवणाऱ्या संस्थेचा) आधार असं काहीतरी ठोस दाखवावं लागतं. सहा महिन्यांची अट आमच्या हातून निसटली, कारण आम्ही कंपनी आधी काढून बसलो होतो. पास हवा असेल तर कंपनी काढण्याआधी अर्जाचा विचार करा.

दुसरी वाट एम्प्लॉयमेंट पासची. तुमची स्वतःची कंपनी तुम्हाला नोकरीवर ठेवते. २०२५ पासून पगार निदान ५,६०० सिंगापूर डॉलर हवा. वय वाढेल तशी ही मर्यादा चढत जाते आणि पंचेचाळिशीत १०,७०० वर पोचते. वर ‘कंपास’ नावाची गुणपद्धत आहे, तीत ४० गुण लागतात. पगार, पदवी, कंपनीतल्या लोकांचं वैविध्य, स्थानिकांना दिलेलं काम यांवर गुण मिळतात. २५ पेक्षा कमी व्यावसायिक कर्मचारी असलेल्या लहान कंपनीला शेवटच्या दोन बाबींत प्रत्येकी १० गुण आपोआप मिळतात, हा दिलासा. नवरा-बायको, मुलं न्यायची असतील तर पगार ६,००० च्या वर धरा.

हा पगार कागदावर दाखवून भागत नाही, खरोखर खात्यात पडावा लागतो. म्हणजे वर्षाला ७० हजार डॉलरच्या आसपास एकट्या तुमच्या पगाराला गेले. गुंतवणूक मागताना तो आकडा खर्चात धरलेला हवा.

६. पैसा कोणाकडे मागायचा

सुरुवात वन-नॉर्थ भागापासून करा. आयर राजा क्रेसेंटवर ब्लॉक ७१ नावाची जुनी औद्योगिक इमारत आहे. ती पाडायचं घाटत होतं. २०११ मध्ये नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरच्या उद्योजकता विभागाने इतरांना बरोबर घेऊन तिथे स्टार्टअपची वसाहत वसवली. वन-नॉर्थ मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. माझी पहिली ओळख तिथल्या खालच्या खानावळीत ‘तेह हलिया’, म्हणजे आल्याचा दुधाळ चहा, घेताना झाली. शेजारच्या टेबलावरचा माणूस शीतसाखळीतच काम करत होता आणि त्याने मला दोन फंडांच्या लोकांकडे स्वतः इमेल करून पोचवलं. ओळखीविना पाठवलेल्या शंभर इमेलना जेवढी उत्तरं आली नव्हती, तेवढी त्या दोन इमेलना आली.

अगदी सुरुवातीच्या टप्प्याला अँटलर ही गुंतवणूक संस्था आहे. ती २०१७ मध्ये सिंगापूरमध्येच सुरू झाली. त्याच्या वरच्या टप्प्यावर ईस्ट व्हेंचर्स, जंगल व्हेंचर्स, गोल्डन गेट व्हेंचर्स, मंक्स हिल, वेव्हमेकर असे फंड, आणि भारत व आग्नेय आशिया दोन्हीकडे असलेली पीक एक्सव्ही, जी २०२३ पर्यंत सिकोया इंडिया म्हणून ओळखली जायची. टेमासेक आणि जीआयसी या सिंगापूर सरकारच्या गुंतवणूक संस्थांची मोठी नावं कानावर येतील, पण ती फार पुढच्या टप्प्याची गोष्ट आहे. सरकारच्या ‘स्टार्टअप एसजी’ योजनेतलं संस्थापकांचं अनुदान नागरिक किंवा कायम रहिवाशांसाठी आहे. त्याच्या मागे लागून वेळ घालवू नका.

प्रत्येक बैठकीत एक प्रश्न येणारच: ‘सिंगापूरनंतर कुठे?’ देश साठ लाखांचा. तिथला बाजार कोणालाच पुरत नाही. त्यांना इंडोनेशिया, व्हिएतनाम, थायलंड यांचं उत्तर हवं असतं. भारताचे आकडे सांगितले की ते मान डोलावतात, पण पैसा आग्नेय आशियासाठी राखलेला असेल तर नुसत्या भारताच्या जोरावर तो मिळत नाही. फंडाचा पैसा कोणत्या भूभागासाठी आहे, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट विचारा. यात उद्धटपणा नाही, दोघांचाही वेळ वाचतो.

नोव्हेंबरमध्ये सिंगापूर फिनटेक फेस्टिव्हल असतो. वित्तीय क्षेत्रात असाल तर त्या आठवड्याच्या भेटी दोन महिने आधीपासून ठरवा. आयत्या वेळी गेलात तर हातात नुसती व्हिजिटिंग कार्डं उरतात.

७. गुंतवणुकीचे कागद समजून घ्या

सुरुवातीचा पैसा सहसा ‘सेफ’ किंवा ‘केअर’ या करारांवर येतो. सेफ अमेरिकेतल्या वाय कॉम्बिनेटरने २०१३ मध्ये आणला. केअर हा सिंगापूरचा नमुना. सिंगापूर अ‍ॅकॅडमी ऑफ लॉ आणि तिथल्या व्हेंचर कॅपिटल संघटनेने २०१८ मध्ये ‘विमा’ नावाचे प्रमाणित करार तयार केले. त्यांच्या संचात तो आहे. नमुने फुकट उतरवून घेता येतात. आपल्या आयुर्विम्याशी या नावाचा काही संबंध नाही.

दोन्हींत आज पैसा येतो आणि शेअर गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीत मिळतात, ठरवलेल्या कमाल मूल्याच्या हिशेबाने. इथेच गफलत होते, म्हणून वहीत मांडून बघा. मी अशी मांडली होती.

पहिल्याने ५ लाख डॉलर दिले, कमाल मूल्य ४० लाख, पैसा धरून, म्हणजे या गुंतवणूकदारांचा पैसाही त्या मूल्यात मोजून. त्याचा हिस्सा साडेबारा टक्के. दुसऱ्याने त्याच मूल्यावर ३ लाख दिले. साडेसात टक्के. एकूण २० टक्के गेले, दोघा संस्थापकांकडे ८० उरले. पुढच्या फेरीत नवा गुंतवणूकदार २० टक्के घेतो आणि कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के राखायला सांगतो. आता जुन्या सगळ्यांचं मिळून ७० टक्क्यांवर आलं. संस्थापकांचे ८० चे ५६ झाले, म्हणजे प्रत्येकी २८. करारावर सही करताना कोणाच्याच तोंडी हा आकडा आला नव्हता. सही आधीची असते, घट नंतर दिसते.

‘कमाल मूल्य पैसा धरून की न धरता’ हा एकच शब्द विचारायला विसरू नका. न धरता ४० लाख असते तर त्याच ८ लाखांना १६.७ टक्क्यांच्या आसपास गेले असते.

पुढच्या फेरीत टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद, येते. त्यात लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली गेली तर पैसे आधी कोणाला किती मिळणार याची अट, नीट पाहा. समजा गुंतवणूकदाराने २० लाख घालून २० टक्के घेतले आणि कंपनी नंतर ५० लाखांना विकली गेली. साध्या, एकपट आणि सहभाग नसलेल्या अटीत तो एकतर आपले २० लाख घेईल किंवा २० टक्के, म्हणजे १० लाख. तो २० घेईल, तुम्हाला ३० राहतील. ‘पार्टिसिपेटिंग’ अट असेल तर तो २० लाख घेऊन उरलेल्या ३० मधले आणखी ६ घेईल. तुमच्याकडे २४ उरले. पहिली अट रास्त आहे आणि प्रचलितही आहे. दुसरी आली तर भिडस्तपणे गप्प बसू नका, बदलून मागा. आम्ही मागितली आणि एका फोनवर ती निघाली.

वकील तुमचा वेगळा हवा. गुंतवणूकदाराचा वकील कितीही सज्जन असला तरी तो त्यांचा असतो.

८. डेटा रूम

डेटा रूम म्हणजे गुंतवणूकदाराला तपासायला द्यायच्या कागदांचा संच. टर्म शीट येण्याआधीच एका ऑनलाइन फोल्डरमध्ये हे तयार ठेवा: नोंदणीचा दाखला आणि बिझफाइलचा उतारा, कंपनीची घटना, भागधारकांचा तक्ता, सगळे सेफ आणि केअर, ग्राहकांचे करार, कर्मचाऱ्यांचे करार, हिशेब, फॉर्म एफसी आणि यूआयएन. यातला एक कागद जवळजवळ सगळ्यांकडे नसतो. तो म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमरने, पहिल्या इंटर्नसकट, लिहिलेल्या कोडची मालकी कंपनीला दिल्याचा करार. आमचा एक माजी इंटर्न तेव्हा ऑस्ट्रेलियात शिकत होता. त्याची सही येईपर्यंत पैसे तीन आठवडे थांबले.

९. पैसे आल्यावर, आणि दर वर्षी

नवे शेअर द्यायला भागधारकांची मंजुरी घ्या आणि १४ दिवसांच्या आत अ‍ॅक्राकडे त्याची माहिती भरा. खासगी कंपनीच्या भागधारकांची अधिकृत नोंदवही अ‍ॅक्राकडेच इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असते. तिथे नाव चढेपर्यंत शेअर मिळाले असं धरू नका. जुने शेअर एकाकडून दुसऱ्याकडे गेले तर ०.२ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. नव्याने काढलेल्या शेअरवर लागत नाही.

नव्या कंपनीला पहिली तीन वर्षं करसवलत आहे: पहिल्या एक लाख डॉलर नफ्यातला ७५ टक्के आणि पुढच्या एक लाखातला ५० टक्के करमुक्त. त्यासाठी भागधारक २० च्या वर नकोत आणि निदान १० टक्के हिस्सा एखाद्या व्यक्तीच्या नावावर हवा. वीस-पंचवीस लहान एंजलना, म्हणजे स्वतःचा पैसा घालणाऱ्या व्यक्तींना, थेट शेअर देऊन बसलात तर ही सवलत हातची जाते. उलाढाल दहा लाख डॉलरच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी सक्तीची, दर ९ टक्के. नागरिक किंवा कायम रहिवासी नोकरीवर घेतलात तर पगारावर सीपीएफ, म्हणजे आपल्या भविष्य निर्वाह निधीसारखी वर्गणी, भरायचं. ५५ वर्षांपर्यंतच्या माणसासाठी मालकाचा वाटा १७ टक्के.

तारखांचा हा तक्ता आमच्या भिंतीवर लावलेला आहे. कंपनीचं वर्ष डिसेंबरला संपतं असं धरून:

• ३१ मार्च: अंदाजे करपात्र उत्पन्नाची माहिती सिंगापूरच्या कर खात्याला
• ३० जून: वार्षिक सभा
• १५ जुलै: भारतीय कंपनीत परकी गुंतवणूक असेल किंवा तिने बाहेर केली असेल, तर रिझर्व्ह बँकेचं एफएलए, म्हणजे परदेशी देणी आणि मालमत्तेचं, विवरण
• ३१ जुलै: अ‍ॅक्राचं वार्षिक विवरण, शुल्क ६० डॉलर, उशीर झाला तर ३०० पासून दंड
• ३० नोव्हेंबर: सिंगापूरचं कर विवरणपत्र
• ३१ डिसेंबर: सिंगापूर कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल, म्हणजे एपीआर, आपल्या बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेला

शिवाय भारतातल्या तुमच्या वैयक्तिक विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट असतं. त्यात शेअर दाखवावेच लागतात, किंमत शून्य वाटत असली तरी. ते परिशिष्ट आर्थिक वर्षाप्रमाणे भरत नाहीत, ३१ डिसेंबरला संपणाऱ्या इंग्रजी वर्षाप्रमाणे भरतात. आमच्या सीएंनी त्या तक्त्याखाली लाल शाईने तेवढंच एक वाक्य लिहून ठेवलंय, आणि त्याखाली तो शंभर डॉलरचा यूआयएन.